दर तिसावा प्रवासी

४ फेब्रुवारी

साहेबांनी आज एक काम गळ्यात मारलं. देशात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची मोजणी आमचं ऑफिस नेमकी कशी करतं, याची पुस्तिका लिहायची. इतकी वर्षं मोजतोय, पण कसं मोजतो हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. वरून कुणीतरी विचारलं की हे आकडे येतात कुठून, आणि साहेबांना धड सांगता आलं नाही. मग त्यांना माझी आठवण झाली. म्हणाले, रोज बंदराच्या धक्क्यावर काय घडतं ते टिपत जा, पुस्तिका आपोआप होईल. साहेबांच्या मते जगात सगळं आपोआपच होतं.

म्हणून दोन वह्या आणल्या. एकीत पुस्तिकेला चालेल ते लिहायचं. उरलेलं इथे.

तर आमचं काम असं. बोटीकडे जाणारा एक लांब बोळ आहे, त्यात फरशीवर पिवळी रेघ मारलीय. रेघेच्या कडेला स्टुलावर एकजण बसतो. त्याच्या हातात मोजायचं यंत्र असतं, अंगठ्यानं दाबलं की आकडा पुढे सरकतो. आम्ही त्याला टकटक म्हणतो. रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक टक. तिसावा आला की मोजणाऱ्यानं हात वर करायचा, आणि दुसऱ्यानं त्या प्रवाशाला थांबवून बाजूच्या टेबलाशी न्यायचं. कुठे निघालात, कशासाठी, तिकडे किती काळ राहण्याचा इरादा आहे, एवढं विचारायचं. वर्षाच्या आत परतणार म्हणाला तर तो नुसता प्रवासी. वर्ष किंवा जास्त म्हणाला तर स्थलांतरित. त्या एकाचं उत्तर आम्ही तीस जणांचं धरतो. देश सोडून किती लोक गेले हे पेपरात छापून येतं, ते असं.

माझी जोडीदारीण बारकी. अंगानं बारीक म्हणून सगळं ऑफिस तिला बारकी म्हणतं, आणि तीही ओ देते. एक आठवडा मी मोजतो आणि ती विचारते, पुढच्या आठवड्यात उलट.

मोजणाऱ्यानं चेहरा बघायचा नाही, हा नियम मी घातलेला. चेहरा बघितला की मन निवड करायला लागतं. एखादा खवट दिसला की अंगठा नकळत अडखळतो, पुढचा जरा बरा वाटतो. म्हणून मी फक्त रेघेकडे बघतो. मला लोकांचे बूट दिसतात. नेहमीच्या ये-जा करणाऱ्यांना मी बुटांवरून ओळखतो, आणि रस्त्यात समोर आले तर ओळखत नाही.

९ फेब्रुवारी

जेवताना ही म्हणाली की ताईचं कंबरेचं हाड मोडलंय. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, पलीकडच्या किनाऱ्यावर शिवणकामाचं दुकान चालवते, एकटीच आहे. दुकान बंद ठेवून भागणार नाही, तर मी तीन महिने जाऊन येते, असं ही म्हणाली. मी म्हटलं, जा.

'एवढंच?' ही म्हणाली.

मी म्हटलं, मग काय नको म्हणू? तर ताट उचलून आत गेली. नको म्हटलं असतं तरी ऐकून घ्यावंच लागलं असतं. खरं तर पुढे काय बोलायचं ते मला सुचलंच नाही. दिवसभर अनोळखी माणसांना तेच तेच विचारून जीव विटतो. घरी आल्यावर कुणाला काही विचारायचं जिवावर येतं.

१३ फेब्रुवारी

हिची बांधाबांध चाललीय. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखरेच्या डब्यावर साखर. मी म्हटलं, साखर मला ओळखता येते. ती म्हणाली, 'मीठ आणि साखर एकाच रंगाची असतात.' कपडे धुवायचं मशीन कसं लावायचं ते दोनदा दाखवलं. खिडकीतली कुंडी शेजारणीला देऊन टाकली, तुमच्या हातून मरेल म्हणाली. ते काही खोटं नाही.

चांभाराकडून बुटांना नवे तळवे लावून आणले. मोठी कात्री घेतली, दोऱ्यांचा डबा घेतला, जाड कोटही घेतला. तीन महिन्यांत थंडी संपून जाईल की, असं म्हटलं तर म्हणाली, तिकडची उशिरा संपते. असेल.

संध्याकाळी बॅगेवर बसून चेन ओढता ओढता विचारलं, 'मी नसले की तुम्हाला काय वाटेल?' मी म्हटलं, डबा लावावा लागेल. विनोद होता. हसली नाही. चेन मात्र लागली.

१७ फेब्रुवारी

ही आज सकाळच्या बोटीनं गेली.

लेक फोनवर म्हणत होती की रजा काढून आईला सोडायला जा. रजा कशाला? मी तर त्याच बोळात बसलेला असतो. दुसऱ्या कुणाला लांबून हात हलवावा लागतो, मला बायको पायापासून दिसणार.

या आठवड्यात मोजायची पाळी माझी. गर्दी होती. मी रेघेवर नजर ठेवून बसलो होतो. तपकिरी बूट आले, नवे काळे तळवे, डाव्या बुटाची नाडी वेगळ्या रंगाची. टक. यंत्रावर बघितलं तर तिसावी. माझा हात वर गेला.

बारकी पुढे आली आणि थबकली. हळूच म्हणाली, 'सर, या वहिनी आहेत.'

'तिसावा तो तिसावा,' मी म्हटलं.

मोजणाऱ्याच्या नात्यातलं माणूस असलं तरी सूट नाही, हे पुस्तिकेत घालायचंच होतं. आता उदाहरणासकट घालता येईल. खोटं कशाला लिहू, मला जरा अभिमानच वाटला.

दोघी टेबलाशी बसल्या. मी मोजत राहिलो. एरवी दोन मिनिटांत उरकतं, आज उरकेना. त्या वेळात माझा हात आणखी दोनदा वर गेला, पण थांबवायला बारकी मोकळी नव्हती. ते दोघे निघून गेले. तक्त्यात 'सुटले' अशी नोंद केली. बारकीला नंतर झापायचं ठरवलं होतं, पण ती टेबलाशीच मान खाली घालून बसली होती, म्हणून राहिलं.

मग ही आली. तपकिरी बूट माझ्या स्टुलाशेजारी येऊन उभे राहिले. वर बघितलं असतं तर मोजणी चुकली असती. बूट बराच वेळ उभे होते. 'येते,' म्हणाली. मी 'हं' म्हटलं, आणि टक, टक. मग बूट गेले.

संध्याकाळी घरी आलो. काही वाटलं नाही. भूक नव्हती, एवढंच.

१८ फेब्रुवारी

घर शांत आहे. तसं आधीही आम्ही काही गप्पा छाटत बसायचो नाही, त्यामुळे फार फरक पडायला नको.

ही पोचली. फोन आला होता.

२३ फेब्रुवारी

बारकीला काय झालंय कळत नाही. न सांगता माझा चहा आणून ठेवते. डब्यातलं अर्धं माझ्या ताटलीत वाढते. आज विचारलं, वहिनींना फोन केलात का? मी म्हटलं, पोचल्याचा आला होता.

'तो त्यांनी केला. तुम्ही केलात का?'

मी म्हटलं, तिचं आजारी माणसाचं घर, उगाच कशाला. तर माझ्याकडे नुसती बघत बसली. नंतर माझी ट्यूब पेटली. कर्मचाऱ्यांचे वार्षिक अहवाल पुढच्या महिन्यात लिहायचेत, आणि तिचा माझ्याकडे आहे. म्हणून हे लाड. पण तिचं काम चांगलंच आहे, मी तसाही चांगलाच लिहिणार होतो. चहा पीत राहिलो.

४ मार्च

पुस्तिकेतला अवघड भाग आज लिहिला. लोक जाताना जे सांगतात त्यावर कितपत भरवसा ठेवायचा, हा. मी लिहिलं की बहुतेक लोक अनोळखी माणसाला खरं सांगतात, कारण त्याला खोटं सांगून काही मिळायचं नसतं. परतीच्या तिकिटावरून मात्र उत्तर ठरवू नये. दोन्हीकडचं एकदम काढलं की स्वस्त पडतं, म्हणून कायमचे जाणारेही परतीचं काढतात. हे मी प्रत्येक नव्या भरतीला सांगत आलोय.

मग 'माहीत नाही' म्हणणारे. किती काळ राहणार असं विचारलं की काही थोडे लोक माहीत नाही म्हणतात. पुन्हा एकदा विचारायचं. तरी तेच म्हणाले तर त्यांना परतणाऱ्यांत धरायचं, अशी आमची पद्धत आहे. तसं लिहिलं.

बारकीला वाचायला दिलं. तिनं सगळं वाचलं, आणि त्या एका वाक्यासमोर पेन्सिलीनं लिहिलं, 'हे कशावरून?'

मी म्हटलं, पहिल्यापासून तसंच धरतात. माणूस एवढं घरदार टाकून जातो, तर जाताना त्याला माहीत असतंच. माहीत नाही म्हणजे मनात परत यायचंच असतं, बोलायला लाजतो.

'पण सर, माहीत नाही म्हणजे माहीत नाही ना?'

'तक्त्यात रकाने दोन आहेत,' मी म्हटलं. 'माणसाला कुठल्यातरी एकात बसवावंच लागतं.'

तिनं कागद परत दिला. पेन्सिलीचं पुसलं नाही. मीही पुसलं नाही, खोडरबर सापडला नाही.

११ मार्च

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, दर रविवारी फोन करते, आज मंगळवार असून केला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, 'बाबा, आई परत येणार आहे ना?'

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? परतीचं तिकीट आहे.

ती म्हणाली, तिकिटावर जायचं नसतं हे मी लहानपणापासून तुमच्याच तोंडून ऐकलंय. मी म्हटलं, ते प्रवाशांबद्दल. ही तुझी आई आहे.

'विचारा तिला.'

'तूच विचार.'

'मी विचारून काय उपयोग, बाबा?' ती म्हणाली, आणि दाराशी कुणीतरी आलंय असं सांगून फोन ठेवला.

रात्री नीट झोप लागली. हे मुद्दाम लिहितोय, कारण लागायला नको होती असं सकाळी वाटलं.

२० मार्च

बोट. टक. बोट. डबा लावलाय, तो खातो. बरा असतो की वाईट, ते कळत नाही. मशीन हिनं दाखवलं तसं लावतो. मीठ आणि साखर अजून चुकलेली नाही.

हिच्या बाजूच्या उशीवर वर्तमानपत्रं साठलीत.

२ एप्रिल

बारकीनं बदली मागितली. दूर कुठे नाही, याच धक्क्यावर, येणाऱ्या बोटींच्या बाजूला. साहेबांनी मला बोलावून विचारलं की तुमच्यात काही बिनसलंय का. मी म्हटलं, माझ्याकडून तरी नाही. वार्षिक अहवाल मी तर उत्तम लिहिला होता.

दुपारी तिला सरळ विचारलं, माझं काही चुकलं का? म्हणाली, 'नाही सर. रोज तुमच्या शेजारी बसवत नाही.'

मी रोज अंघोळ करतो.

जाताना तिनं तिचं टेबल पुसून घेतलं, खुर्ची सरळ केली, आणि पुन्हा तेच, वहिनींना फोन करता ना? मी म्हटलं, हो, होतो कधीकधी. ती म्हणाली, फोन करून बोलता काय? हे मात्र अती झालं. मी म्हटलं, घरचं.

तिच्या जागी एक नवा मुलगा आलाय. तो लोकांना 'कायमचे चाललात का?' असं विचारतो. त्याला सांगितलं की उत्तर त्यांच्या तोंडी घालू नकोस, छापलेलं वाक्य जसंच्या तसं म्हण.

१९ एप्रिल

आज फोनवर बऱ्यापैकी बोललो. ही म्हणाली, ताई काठी घेऊन चालायला लागलीय. दुकानात कारखान्याच्या गणवेशांचं मोठं काम आलंय, दोन मशिनं कमी पडतात. आवाज मोकळा वाटला. मागे मशीन चालू होतं.

मग म्हणाली, तुमचं काय? मी सांगितलं की स्वयंपाकघरातला नळ गळतोय. वायसर बदलून बघितला, तरी गळतोय. प्लंबर येतो म्हणाला आणि आला नाही.

'आणखी?'

मी म्हटलं, आणखी काही नाही.

मागचं मशीन थांबलं होतं. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, 'ठेवू मग?' मी म्हटलं, ठेव.

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गेलो. पाणी प्यायलो. नळाखाली भांडं ठेवलंय, ते भरलं होतं.

१५ मे

हिचा फोन. तिकिटाची तारीख बदललीय, परवाच्या बोटीनं येत नाहीये. मी म्हटलं, बरं. नवी तारीख कुठली ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

उशीवरची वर्तमानपत्रं काल उचलून ठेवली होती. चादरही बदलली होती.

१७ मे

सुट्टी होती, तरी धक्क्यावर गेलो. येणाऱ्या बोटींच्या बाजूला. का गेलो ते सांगता येत नाही. येणार नाही हे तिनं स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी काही बहिरा नाही.

बारकी स्टुलावर होती. मला बघून तिनं नुसती मान हलवली, मोजणं थांबवलं नाही. मीच शिकवलंय. मी भिंतीकडेच्या बाकावर बसलो आणि खाली रेघेकडे बघत राहिलो. काळे बूट, चपला, लहान मुलांचे दिवे लागणारे बूट. एक तपकिरी जोडी आली तेव्हा वाकून बघितलं. तळवे जुने होते.

सगळे गेले. झाडणारा येऊन फरशी पुसायला लागला. मी बसूनच होतो. बारकी येऊन शेजारी बसली.

मी म्हटलं, 'त्या दिवशी ती काय म्हणाली?'

'सर, शपथ तुम्हीच मला दिलीत.'

दिली होती. ऐकलेलं उत्तर कुणाला सांगणार नाही, घरी नाही, दारी नाही, वरिष्ठांना नाही. ती नोकरीला लागली तेव्हा मीच एक एक शब्द म्हणवून घेतला होता तिच्याकडून.

'वर्ष किंवा जास्त म्हणाली ना? नुसती मान हलव.'

'मान हलवणं म्हणजे सांगणंच. तेही तुम्हीच शिकवलंत.'

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते कळेना. मी म्हटलं, चांगलं काही म्हणाली असती तर तू सांगून मोकळी झाली असतीस. तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

'मला नका विचारू, सर. ज्यांचं उत्तर आहे त्यांना विचारा. तीन महिने मी दुसरं काय सांगतेय तुम्हाला?'

चहा, डबा, फोन केलात का. मी अहवालावर घातलं होतं ते सगळं.

२० मे

काल आणि परवा फोन हातात घेऊन बसलो आणि ठेवून दिला. विचारायचं म्हणजे कसं विचारायचं? तू येणार की नाही, असं म्हटलं तर भांडण काढल्यासारखं होतं. कशी आहेस म्हटलं तर ती बरी आहे म्हणणार. बायकोशी कसं बोलतात ते मी विसरलोय, किंवा मला कधी येतच नव्हतं. मला एकाच प्रकारे विचारता येतं.

शेवटी आज दुपारी तेच केलं. तिनं फोन उचलला, मी छापलेलं वाक्य म्हटलं.

'आपली हरकत नसेल तर दोन-तीन प्रश्न विचारायचे आहेत.'

तिकडे मशीन थांबलं. मला वाटलं हसेल किंवा ठेवून देईल.

'विचारा,' ती म्हणाली.

'आपण तिकडे कशासाठी गेलात?'

'बहीण आजारी होती.'

'आणखी काही कारण?' हा प्रश्न आम्ही विचारतो, बहुतेक लोक नाही म्हणतात.

'आहे. घरी बोलायला कुणी नव्हतं.'

मी ते ऐकलं. पुढचा प्रश्न पाठ होता म्हणून तोंडातून निघाला, नाहीतर निघाला नसता.

'आपला तिकडे किती काळ राहण्याचा इरादा आहे?'

ती बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही अशा वेळी मधे बोलत नाही, थांबतो. मी थांबलो.

'वर्ष किंवा जास्त,' ती म्हणाली.

मग माझं आपण-बिपण सुटलं. मी म्हटलं, 'म्हणजे बारकीलाही हेच सांगितलंस. जातानाच ठरलं होतं तुझं.'

'नाही हो. तिला मी माहीत नाही म्हटलं होतं. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. तुमच्या स्टुलाशी येऊन उभी राहिले, तेव्हासुद्धा नव्हतं.'

'मग कधी ठरलं?'

'असं बसून ठरवलं नाही काही. वाट बघत होते. बहुतेक तुम्ही नळाचं सांगितलंत ना, त्या दिवशी.'

ती म्हणाली की तुमच्यावर राग नाही. तुम्ही वाईट माणूस नाही, हे मी लेकीलाही सांगते. इथे मला सकाळी उठावंसं वाटतं, एवढंच. मी म्हटलं, बरं. मग शेवटी जे म्हणायचं असतं ते सवयीनं म्हणून गेलो.

'आपण वेळ दिलात, आभारी आहोत.'

'पहिल्यांदाच विचारलंत,' ती म्हणाली, आणि हळूच फोन ठेवला.

मला रडू आलं. स्वयंपाकघरात, डब्यांसमोर उभं राहून रडलो. फार वर्षांनी रडत होतो, त्यामुळे धड जमलं नाही.

२३ मे

पुस्तिका साहेबांना दिली. 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना परतणाऱ्यांत धरतात, हे वाक्य तसंच ठेवलंय, कारण आपण तसं करतो हे खरंच आहे. त्याच्या खाली एक घातलं, की यांचं पुढे काय होतं हे ऑफिसला माहीत नाही, आणि आजवर कुणी विचारलेलं नाही.

साहेब म्हणाले, हे असं वर पाठवता येणार नाही. मी म्हटलं, मग तक्त्यात तिसरा रकाना करा. ते म्हणाले, आकडे हलतील. मी म्हटलं, हलू देत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की तुमची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, बायको गेली. त्यांना वाटलं वारली. उठून उभे राहिले बिचारे. मग नीट सांगितलं. ते पुन्हा बसले, आणि म्हणाले की बघतो, पुढच्या वर्षीपासून करता आला तर. बारकीला दाखवलं तर तिनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि माझा चहा आणायला गेली.

फेब्रुवारीचा आकडा छापून झालाय. आता त्यात काही बदलता येत नाही. त्या आकड्यात ही परत येणाऱ्यांत आहे, आणि तिच्याबरोबर आणखी एकोणतीस जण.